त्यांचा सावन, आमचा श्रावण

सावन लागला. आमच्या गल्लीत तो पावसावरून कळत नाही. पाऊस कधी महिनाभर आधी येतो, कधी झाशीकडे फिरकतच नाही. सावन कळतो तो बड़ा बाज़ारात. बांगडीवाला हिरव्या बांगड्या पुढे मांडतो, हलवाई अंदरसे, म्हणजे आपले अनारसे, तळायला बसतो आणि त्या तिळाचा, तुपाचा वास पार आमच्या लक्ष्मी गेटपर्यंत येतो. कोपऱ्यावरचा मटणवाला शटर अर्ध्यावर ओढून आत मोबाईल बघत बसतो. सोमवारी बायका तांब्या घेऊन महादेवाला निघतात आणि चिखलातून जाताना साड्या घोट्याच्या वर धरतात.

माझ्या स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवर त्या दिवशी आषाढच असतो. इकडच्या लोकांचा महिना पुनवेला संपतो, आपला अवसेला. म्हणून यांचा सावन आपल्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागतो आणि राखीला संपूनही जातो. आपला श्रावण तेव्हा अर्धा उरलेला असतो. शिकलेल्यांना हे पुस्तकातून कळत असेल. मी चौथीपर्यंत शिकले. मला हे एका मटणाच्या पातेल्यातून कळलं.

यंदा सावनात नात आली आहे, मनू. बंगळूरला नोकरी करते, महिनाभर इथून काम करणार म्हणाली. मांस-मच्छी तिने केव्हाच सोडली. वर्षभरापासून दूध, दही, तूपसुद्धा सोडलंय. मराठी तिला सगळं कळतं, बोलताना निम्म्यात हिंदीवर जाते. "आज्जी, गाय दूध अपने बच्चे के लिए देती है ना, आपल्यासाठी थोडीच," असं म्हणाली. मी म्हटलं, खरं आहे. तिला काळा चहा करून दिला. तो तिला आवडतोय असं तिच्या तोंडावरून वाटलं नाही, पण तो तिचा प्रश्न.

तिच्या आईला मात्र हे सोसत नाही. पोरगी वाळली, गालफडं बसली, हेच तिचं चालू असतं. गेल्या आठवड्यात मी वरणाला फोडणी देत होते. सून जवळ आली, तुपाचा डबा माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "आई, चमचाभर सोडा वरणात. हिंगाच्या वासात तिला कळायचं नाही."

मी डबा फळीवर ठेवून दिला.

"तुम्हाला तिची काळजीच नाही," ती म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काळजी मला आहे. पण "तिला कळायचं नाही" हे शब्द मी याआधी एकदा ऐकले होते, आणि तेव्हा प्रकरण चमचाभर तुपाचं नव्हतं.

तो माझा झाशीतला पहिला पावसाळा होता. लग्नाला चार वर्षं झाली होती, त्यातली पहिली तीन मी साताऱ्याकडे सासूपाशी काढली. हे इकडे रेल्वेत फिटर. क्वार्टर मिळायला अवकाश होता, म्हणून यांनी लक्ष्मी गेटजवळ एका घराची वरची खोली पाहिली आणि दिवाळीनंतर मला आणि दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आले. खाली घरमालकीण राहायची. तिला सगळी गल्ली जिज्जी म्हणायची, म्हणजे मोठी बहीण. नवऱ्याचं बड़ा बाज़ारात किराण्याचं दुकान. अंगणात गाय, तुळस, आणि उंबऱ्याच्या आत कांदा-लसूणसुद्धा नाही.

खोली देण्याआधी तिने विचारलं, "खात-पियत हो?" म्हणजे मटण-मच्छी.

हे पायाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "हाँ जिज्जी, खाते हैं. महिने में एक-दो बार." खोटं बोलून खोली मिळाली असती, पण मग हाडं लपवत बसावं लागलं असतं. मला तसलं जमत नाही.

तिने जिन्यावरून गच्चीकडे बघितलं. मग म्हणाली, गच्चीवर शिजवा, अंगीठी वेगळी ठेवा, एकादशीला नाही, मंगळवारी नाही, नवरात्रात नाही. "और सावन में तो बिलकुल नईं."

"सावन में तो हम भी नहीं खाते," मी म्हटलं. दोघी खूश झालो. आपण एकाच महिन्याबद्दल बोलतोय असं दोघींनाही वाटलं.

आषाढातली अवस आली. मी सकाळी घरातले सगळे दिवे घासले, कणकेचे गोड दिवे उकडले, ओवाळले. उद्यापासून श्रावण, म्हणजे महिनाभर बंद, म्हणून यांनी मटण आणलं. गच्चीत पावसाची झड येत होती म्हणून अंगीठी पत्र्याखाली ओढली. खोबरं-कांदा भाजून वाटला. आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला होता, तो घातला. त्याचा वास भिंती ओलांडून जातो. तोच त्याचा गुण.

खाली त्या दिवशी हरियाली अमावस होती. त्यांच्या सावनातला मोठा दिवस, आणि वर सोमवार. जिज्जीची मुलगी कुसुम सातव्या महिन्यात माहेरी आली होती. त्याआधी तिची दोन मुलं पोटातच गेली होती. जिज्जी तिच्यासाठी सोमवार धरत होती, संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा घेत नव्हती. ती उपास करते हे मला दिसत होतं. लेकीसाठी करते एवढंच मला माहीत होतं. सावनाचे करते हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण माझ्या भिंतीवर सावन नव्हता.

ती जिना चढून वर आली. उपाशी होती, कठड्याला धरून उभी राहिली. पातेल्याकडे बघितलं नाही. माझ्याकडेच बघत होती.

"तुमने तो कई ती, सावन में नईं बनत."

"सावन अभी लगा कहाँ है, जिज्जी. कल लगेगा." मी आत जाऊन कॅलेंडर काढून आणलं आणि तिच्यापुढे धरलं.

"तुमाओ सावन अलग है? बादर तो एकई है," ती म्हणाली, म्हणजे आभाळ तर एकच आहे. मग आवाज चढला. नीचे मोड़ी, म्हणजे लेक, उलटी कर रही है, मेरा व्रत गया, जीव मारत हो और तारीख दिखात हो.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जीव मारता म्हटल्यावर माझीही जीभ सुटली. "और आपका बछड़ा कहाँ गया, जिज्जी?" मी विचारलं. फाल्गुनात तिची गाय व्याली होती. गोऱ्हा झाला. दोन महिन्यांनी एक माणूस येऊन दोरीने घेऊन गेला, तो कुठे गेला हे गल्लीत कोणी कोणाला विचारलं नाही. जिज्जी पदर तोंडाला लावून खाली गेली. बोलले ते खोटं नव्हतं. पण उपाशी बाईला, जिची लेक खाली ओकतेय, तिला मी ते बोलले. खरं कधी बोलायचं हे मला आजही नीट कळत नाही.

थोड्या वेळाने तिच्या नवऱ्याचा निरोप आला. राखी झाली की खोली खाली करा.

पातेलं तसंच होतं. हे म्हणाले, गटारात ओततो. मी म्हटलं, एकदा मारलंय, आता फेकून दुसऱ्यांदा मारायचं नाही. मग यांनी पातेल्याला फडकं बांधलं, सायकलच्या हँडलला लटकवलं आणि रेल्वे क्वार्टरमधल्या एका दोस्ताकडे निघाले. रस्ता खड्ड्यांचा. परत आले तेव्हा पॅन्टच्या एका पायावर गुडघ्यापासून खाली लाल तर्री होती. कितीही धुतलं तरी ते गेलं नाही. कामावर तीच पॅन्ट घालायचे.

जनावराबद्दल मी उगीच हळवी नाही. लहानपणी आमच्या घरी बोकड होता, त्याला पाला मी घालायची, माझ्यामागे विहिरीपर्यंत यायचा. जत्रेला त्याला कापलं. मी रडले, आणि जेवायला बसल्यावर खाल्लं. दोन्ही खरं आहे. पुढे जिज्जीने मला एकदा विचारलं होतं, कापताना तो बघतो का. मी म्हटलं, बघतो. ती म्हणाली, फिर भी? मी म्हटलं, फिर भी. तिला त्याचा राग आला नाही. मी "तो तर देवाने आपल्यासाठीच केलाय" असं काही म्हटलं असतं तर आला असता. खाणाऱ्याने निदान एवढं कबूल करावं. कोणी खात नसेल तर त्याला हसू नये, कारण त्याने जे टाळलंय ते आपण टाळू शकलेलो नाही. आणि न खाणाऱ्याने आपल्या दुधातल्या गोऱ्ह्याकडे एकदा बघावं. मनू तेच बघते आहे. मला ते जमणार नाही. मी म्हातारी झाले आणि मला दही लागतं.

हल्ली गल्लीच्या ग्रुपवर निरोप येतो, सावनात कोणी घरात मांस शिजवू नये. खाली हात जोडल्याचं चित्र असतं, पण ते हात जोडलेले वाटत नाहीत. जिज्जीने निरोप पाठवला नव्हता. उपाशीपोटी जिना चढून आली होती, तोंडावर भांडली होती. भांडणात निदान समोरचा माणूस दिसतो.

अवस ते राखी, पंधरा दिवस, खालचं दार माझ्यासाठी बंद होतं. मी नळावर पाणी भरायला गेले की जिज्जी आत जायची. कुसुम खिडकीतून आमच्या मुलाला हाक मारायची, तेवढंच. दुपारी पाऊस पत्र्यावर पडत राहायचा आणि मी जिन्यात बसून खालचे आवाज ऐकायची. कोणी कण्हलं का, कोणी धावलं का. वासाने मूल जात नाही हे मला कळत होतं. पण काही झालं असतं तर त्या घराला माझं पातेलंच आठवलं असतं. मलाही आठवलं असतं.

राखी झाली. दुसऱ्या दिवशी इथे कजलिया असतात. पानाच्या द्रोणात गव्हाचे अंकुर वाढवतात, बायका ते डोक्यावर घेऊन लक्ष्मी तालावर जातात, पाण्यात सोडतात आणि थोडे अंकुर घरी आणून एकमेकांना देतात. वर्षभराचं भांडण असेल तर ते त्या दिवशी मिटवायचं असा रिवाज आहे. जिज्जी ओल्या साडीने परत आली. गल्लीत घरोघरी गेली. आमच्या जिन्यापाशी थांबली, मला वरून दिसत होती. मग आत गेली. मी सामान बांधायला घेतलं. यांनी नगरा भागात एक खोली पाहिली होती, अंधारी.

तिसऱ्या दिवशी जिज्जी वर आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"तुमाए इतै अंडा उबल सकत?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. लेडी डॉक्टरने कुसुमला तपासलं होतं. अंगात रक्त नाही म्हणाली, असंच राहिलं तर बाळंतपणात दोघांचं कठीण आहे. गोळ्या दिल्या होत्या, त्या कुसुमच्या पोटात ठरत नव्हत्या. मग डॉक्टर म्हणाली, अंडी द्या, कलेजीचं सूप द्या. जिज्जीच्या घरात हे शब्दसुद्धा कोणी उच्चारले नव्हते.

"पीस के खिचड़ी में मिला दियो," ती म्हणाली. "ऊखों पता नईं परै." म्हणजे वाटून खिचडीत घाल, तिला कळायचं नाही.

तेव्हा माझा श्रावण चालू होता. घरात अंडं आणलं नसतं. पण ते मी मोडलं असतं, पोटुशीसाठी मोडायला मला काही वाटलं नसतं. मी म्हटलं, "उबाल दूँगी, जिज्जी. लेकिन कुसुम को बता के."

"बता दई तो बा खाहै नईं."

"तो नहीं खाएगी."

"काए? तुम तो खात हो."

"मैं जान के खाती हूँ."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमाए घर को पानी लौ नईं पियो हमने," ती म्हणाली, पाणीसुद्धा नाही. "आज माँगबे आए. ऊ दिन बिना पूछे सुँघा दओ, आज पूछ रए तो मना कर रईं." आणि गेली.

हे जेवायला बसले होते, सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "दे की उकडून. तिच्याच भल्याचं आहे. आणि खोलीही राहील." माणूस वाईट नव्हता. मलाही वाटलं, द्यावं. एका बाजूला दोन जीव, दुसऱ्या बाजूला एक अंडं, तेही कोंबडीने टाकलेलं. हिशेब सरळ होता. पण मला सारखं दिसत होतं की कुसुम खिचडी खातेय आणि आई तिच्या तोंडाकडे बघतेय. पुढे कधीतरी तिला कळणार. अशा गोष्टी कळतातच, बायकाच सांगतात. मग ती आईच्या हातचंसुद्धा खाताना आत बघेल. माणसाच्या घशाखाली काय जातं हे त्याला माहीत नसावं, यापेक्षा मला मटण बरं वाटतं.

सकाळी मी खाली गेले. जिज्जी घरात असतानाच गेले, तिच्या पाठीमागे नाही. कुसुम खाटेवर होती, हाताची नखं पांढरी झाली होती. मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाली, अंड्याने काय होतं, मी वर माझ्या भांड्यात करून आणीन, कोणाला कळणार नाही, तुझ्याशिवाय.

तिने विचारलं, "अम्मा भी चाहती हैं?"

जिज्जी भिंतीकडे तोंड करून गहू निवडत होती. मान हलवली नाही.

कुसुम आईच्या पाठीकडे बघत होती. मग म्हणाली, "चाची, मुझसे निगला नहीं जाएगा."

"ठीक है," मी म्हटलं. "फिर गोली निगलनी पड़ेगी. वो मैं रोज़ आके खिलाऊँगी."

आणि रोज गेले. रिकाम्या पोटी गोळी घेत होती म्हणून उलटत होती. मी आधी गूळ-शेंगदाणे खायला लावायची, मग लिंबाच्या पाण्याबरोबर गोळी, मग अर्धा तास समोर बसायची. ओकली की थोड्या वेळाने परत. जिज्जीला म्हटलं, पालक पितळेच्या भांड्यात नको, लोखंडी कढईत करा. भिजवलेले हरभरे, खारका, मनुका, जे जे तिच्या घरात चालत होतं ते सगळं. जिज्जी माझ्याशी बोलायची नाही, पण कढई बदलली होती. आमचं बांधलेलं सामान खोलीत तसंच पडून होतं. ते सोडा असंही कोणी म्हणालं नाही आणि निघा असंही.

दसऱ्याच्या आधी कुसुम बाळंत झाली. मुलगा. इतका बारीक की आंघोळ घालायला दाई घाबरत होती. पण जगला. आता पन्नाशीला आलाय, ग्वाल्हेरला असतो, तंदुरी कोंबडी खातो आणि आईला सांगून खातो. कुसुम तोंड वाकडं करते आणि त्याचं ताट वेगळं ठेवते.

तो कशाने जगला ते मला माहीत नाही. गोळ्यांनी असेल. जिज्जीच्या सोमवारांनी असेल, मी नाही म्हणणार नाही. आणि गेला असता तर? तर जिज्जीने मला जन्मभर माफ केलं नसतं, आणि तिचं काही चुकलं नसतं. तरीसुद्धा मी अंडं लपवून द्यायला नकोच म्हटलं असतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. उत्तर दर वेळी एकच येत नाही.

सुनेला मी हे सगळं परवा सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुमचं वेगळं होतं." असेल. पण काल तिने मनूला समोर बसवून विचारलं, बाई गं, तू नक्की काय काय खातेस ते एकदा सांग. दोघी तासभर वाद घालत होत्या. आज घरात तिळाची चटणी आणि शेंगदाण्याचं कूट झालंय, डबाभर.

त्या खोलीत आम्ही अकरा वर्षं राहिलो, मग याच भागात घर केलं. तेव्हापासून मी त्यांच्या सावनाच्या पहिल्या दिवशी बंद करते आणि आमच्या श्रावणाच्या शेवटी सुरू करते. दीड महिना. हे कुरकुरायचे, पण खायचे नाहीत. जिज्जीने असं कर म्हणून कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी कदाचित केलंही नसतं.

बाळ दोन-अडीच महिन्यांचं झाल्यावर, थंडीच्या दिवसांत, एका दुपारी जिज्जी वर आली. रात्रंदिवस नातवाचं करून थकली होती. या वेळी उंबऱ्यावर थांबली नाही. आत येऊन भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली. मी पोळ्या करत होते.

"एक रोटी दे दे," ती म्हणाली. "नीचे चूल्हा बुझ गओ."

मी तव्यावरची पोळी हातात धरून तशीच थांबले. तिने काही विचारलं नव्हतं. पण मी म्हटलं, "जिज्जी, तवा वही है. इतवार को मटन बना था, उसके साथ की भाकरी इसी पे बनाई थी."

तिने डोळे मिटलेलेच ठेवले.

"मांजो हतो?"

"मांजा था. राख से, दो बार."

"तो दे."

मी पोळीवर तिच्याच गाईचं तूप घातलं आणि दिली. तिने ती चार घासांत संपवली आणि दुसरीसाठी हात पुढे केला.